सुळकेकाका

सुळकेकाकांचं खरं आडनाव फक्त मेंटेनन्सच्या बिलावर दिसतं. तरुणपणी लिंगाणा, तैलबैला, ड्यूक्स नोज सगळं चढून झालेलं. आता गुडघे कुरकुरतात, पण उभं काही दिसलं की मान आपोआप वर जाते. भाचीच्या लग्नासाठी कार्यालय बघायला नेलं, तर म्हणाले, "बाल्कनीखालचा ओव्हरहँग झकास आहे!"

सोसायटीत मुलांसाठी क्लाइंबिंग वॉल करायची ठरली आणि कमिटीने जागा निवडायचं काम काकांवर सोपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ए विंग हातोडीच्या आवाजाने जागी झाली.

"पोकळ! नुसत्या विटा!" काका खालून ओरडत होते. "भार पेलतात ते कॉलम आणि बीम. भिंत आपली आडोशापुरती. इथे बोल्ट मारलात, तर आधी पोरगं खाली येईल आणि मागोमाग वीट!"

"मग पाण्याची टाकी? ती तर काँक्रीटची आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"मारा भोकं! पोरं वर जातील, पाणी खाली येईल."

लिफ्टचा डक्ट मात्र त्यांना मनापासून आवडला. चिमनी क्लाइंबला, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींना पाठ आणि पाय रेटत चढायला, आदर्श म्हणे. त्यातून लिफ्ट ये-जा करते, ही त्यांच्या मते किरकोळ अडचण होती.

"अहो, स्वित्झर्लंडमध्ये लुझोने धरणाच्या भिंतीवर 165 मीटरची चढाई आहे! कोपनहेगनला तर कचरा जाळून वीज करणाऱ्या कारखान्यावर लोक चढतात!"

"आपल्याकडे गांडूळखताचा खड्डा आहे," खजिनदार म्हणाले. काका तोही बघून आले.

अखेर अहवाल आला. इमारतीला हात लावायचा नाही. स्वतंत्र पाया घालून लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्यावर जाड प्लायवूड आणि बदलता येतील असे होल्ड. उंची चार मीटर. म्हणजे दोर नको, खालून दोर सांभाळणारा नको. खाली मात्र जाड गादी हवीच. इतका शहाणपणाचा कागद वाचून कमिटी हबकली.

"उद्घाटनाला तुम्हीच चढा, काका."

"छे! खाली गादी घालून करतात ती चढाई नव्हे."

गादीचे नमुने मात्र त्यांनी स्वतः तपासले. प्रत्येकावर रीतसर पडून पाहिलं. तिसऱ्यावर पडले ते उठेचनात. घोरणं ऐकू आल्यावर कमिटीचा जीव भांड्यात पडला आणि तोच नमुना एकमताने मंजूर झाला.