सासूबाईंचे घट आणि ह्यांचं लेट्यूस

निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी शेती काढली. तिसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या दांडीखाली, आणि तीही बिनमातीची. 1937 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या गेरिक नावाच्या प्राध्यापकांनी 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केलं आणि नुसत्या खतपाण्यावर टोमॅटोचे पंचवीस फुटी वेल चढवले, ही कथा आमच्याकडे येणाऱ्याला चहाआधी ऐकावी लागते. टोमॅटो म्हणे शिडी लावून तोडत. आमच्याकडे शिडी आहे; टोमॅटो यायचेत.

तूर्त लेट्यूस. त्यासाठी कोकोपीट आलं. माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, नारळाच्या सोडणाच्या भुशाला कुत्रं विचारत नाही. ह्यांनी त्याची वीट विकत आणली आणि त्यातला खारटपणा जावा म्हणून टँकरच्या पाण्याने धू धू धुतली. त्यावर बी नुसतं ठेवायचं, पुरायचं नाही. लेट्यूसला रुजायलाही उजेड लागतो. शिवाय पारा तिशीच्या वर गेला की ते रुजायचं नावच काढत नाही. एप्रिलातल्या पुण्यात एवढे नखरे जावयानेसुद्धा केले नसते. मग ओल्या टिश्यूत गुंडाळलेलं बी आधी फ्रिजमध्ये, आम्रखंडाच्या शेजारी मुक्कामाला गेलं.

कोंब आले. खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेवलेली रोपं बघता बघता लांबच लांब झाली. पिवळट, दोऱ्याएवढी बारीक, काचेकडे माना वळवलेली. ह्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंचा मात्र उजळला. "अरे वा! धान कसं उंच आलंय!"

त्यांचंही बरोबर होतं. नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घटाचं धान जितकं उंच आणि पिवळंधमक, तितका देवीचा कौल चांगला, असं त्या चौऱ्याऐंशी वर्षं बघत आल्यात. ह्यांच्या शास्त्रात तोच आजार. उजेड कमी पडला की रोप तो शोधत नुसतं ताणतं, खोडात काही जीव राहत नाही. उपाय म्हणून रोपांच्या डोक्यावर वीतभर अंतरावर एलईडी दिवा आला, रोज चौदा तास. वाऱ्याने हलत राहिलं की खोड दणकट होतं, म्हणून टेबलफॅनही लागला. तो सासूबाईंच्या खोलीतून उचलला.

"मी इथं घामानं निथळतेय आणि पाल्याला वारा?"

फॅन संध्याकाळपर्यंत परत गेला. ह्यांनी पुठ्ठ्याने वारा घातला. पेपर वाचता वाचता, दुसऱ्या हाताने.

पुढची खेप बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. ह्यांनी बुरशीवर इंटरनेट पालथं घातलं. सासूबाईंनी चष्माही न लावता कोकोपीटमध्ये बोट खुपसलं. "गच्च भिजवलंयस. पाणी शिंपडायचं असतं रे, ओतायचं नसतं." पायथ्याशी सतत ओल आणि कोंडलेली हवा म्हणजे त्या बुरशीला आवतणच. त्या दिवसापासून पाण्याचं खातं सासूबाईंकडे आहे.

ह्यांच्याकडे मीटर. बियात स्वतःची शिदोरी असते, म्हणून खरी पानं फुटेपर्यंत साधं पाणी; नंतर खताचं द्रावण, तेही निम्म्या ताकदीचं, आणि पीएच साडेपाच ते साडेसहा. रोपांचा पीएच ह्यांना झोपेतही सांगता येतो. स्वतःचं बीपी मला विचारतात. मध्यंतरी तो मीटर हातात धरून हे माझ्या आमसुलाच्या साराकडे येताना दिसले, तेव्हा मी पळी उचलली होती.

आता रोपं ठेंगणी, हिरवीगार, मुळं पांढरीशुभ्र. त्या भरात ह्यांनी परवा प्रस्ताव मांडला. "आई, यंदा घटाचं धानही कोकोपीटमध्ये करू. वर दिवा लावू. असंच बुटकं, दणकट येईल बघ."

सासूबाईंनी वाती वळायच्या थांबवल्या. "बुटकं? आणि दसऱ्याला टोपीत काय खोचशील, कोथिंबीर?"