उसाच्या ट्रॉलीमागून फ्रान्स

फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून रमतगमत सायकल चालवायला लोक दोन-दोन वर्षे पैसे साठवतात. या हौसेची झडती घेतली तर मागण्या तीनच निघतात: सपाट जमीन, कडेने संथ पाणी आणि वाटेत वरचेवर काहीतरी खायला. मग त्यासाठी बारामती-इंदापूर काय वाईट? तिकडे १६८१ साली पुरा झालेला, सुमारे २४० किलोमीटरचा मिदी कालवा आहे, इकडे इंग्रजांच्या अमदानीतला नीरा डावा कालवा. त्यांचा खणला होड्यांसाठी, आपला पिकांसाठी. आता त्यावर पर्यटक पोसतात आणि यावर ऊस. त्यांच्या काठावर बिनकामाचा सायकलवाला शोभून दिसतो. आपल्या भरावावर तो दिसला की पाटबंधारे खात्याचा समजून लोक त्यालाच विचारणार, ‘साहेब, आवर्तन कधी सुटतंय?’ राहता राहिली वाइन. पाटसहून बारामतीला येताना वाटेतल्या एका गावात तीही तयार होते, आणि त्या गावाचे नाव रोटी! फ्रेंच माणसाला पाव वेगळा मागवावा लागतो.

यावर शहाणे म्हणतील, रमतगमत जाणे आपल्या रक्तातच नाही. पुरावा उलटा आहे. सायकलसारख्या निरुपद्रवी वस्तूची १९०३ साली देशभर शर्यत लावली ती फ्रेंचांनी. आपल्या बारामतीत मोरोपंतांनी १०८ रामायणे रचली. घाईचा माणूस एकावर थांबला असता. तुकोबांची पालखी बारामती ते इंदापूर हे पन्नासेक किलोमीटर मध्ये सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करत जाते. शिवाय काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीला घोड्यांचे. तेच अंतर एका दिवसात कापणाऱ्या सायकलवाल्याने आपल्याला निवांत म्हणवून घेऊ नये.

उन्हाचा आक्षेप मात्र खरा. एप्रिलमध्ये या रस्त्यावर रमणारा माणूस रमत नसतो, भाजत असतो. म्हणून जायचे थंडीत, भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी उतरतात तेव्हा. पण तेव्हाच कारखान्यांचे गाळप ऐन भरात असते आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मोठ्याने गाणी लावून, सगळा रस्ता व्यापतात. लोक याला अडथळा म्हणतात. मला हा या भागाचा सर्वांत मोठा गुण वाटतो, कारण मोटारवाल्यालाही सायकलच्या वेगाने चालायला लावणारी दुसरी व्यवस्था फ्रान्सकडेसुद्धा नसावी. चढावर तर सायकलवाला ट्रॅक्टरला मागे टाकू शकतो, तेही वर लटकणाऱ्या उसाचे वाढे अंगावर घेत.

उरली लोकांची नजर. चांगल्या कपड्यांतला माणूस सायकलवर दिसला की ‘गाडी बिघडली का?’ हा प्रश्न ठरलेला. मजेसाठी चाललोय, हे उत्तर पटत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, हे लगेच पटते. तेवढे पाठ करून निघा. आणि पंक्चरचे सामान जवळ ठेवा, वेड्या बाभळीचे काटे कालव्याच्या दोन्ही काठांना आहेत.