उभ्याने खाल्लेलं

बापूकाका कुणाला ‘कसा आहेस?’ असं विचारत नाहीत. जिन्यात भेटले की म्हणतात, ‘तीन महिन्यांची सरासरी किती?’ नव्या माणसाला वाटतं, विजेच्या बिलाची चौकशी चाललीय. काकांना एचबीएवनसी हवं असतं. सोसायटीतली माणसं ते नावाने नव्हे, रक्तातल्या साखरेने ओळखतात. ‘अरे तो नाही का, सी विंगमधला सहा पॉइंट आठ!’ साडेआठवाल्यांकडून मुंजीचं आमंत्रण आलं तर पत्रिका उघडण्याआधीच म्हणतात, ‘जिलबी असणार. सांभाळून.’

काकांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेली चिंच आणि मुद्दाम पोचे पाडलेलं रॉकेलचं माप त्यांनी कसं पकडलं, हे आम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे, अनेकदा. निवृत्तीनंतर ती करडी नजर घरच्या ताटाकडे वळली. ओट्यावर डिजिटल काटा आला. तव्यावरून उतरलेली भाकरी आधी काट्यावर जाते, मग ताटात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते फ्रिजवर चिकटवलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणून दर सोमवारी काका दोघांचं आठवड्याचं ७० ग्रॅम मीठ मोजून वाटीत काढून ठेवतात. गुरुवारी वाटीचा तळ दिसायला लागतो. काकू ती गुपचूप भरतात. रविवारी काका समाधानाने म्हणतात, ‘बघ, पुरतं की नाही!’ इतकी वर्षं बाजारातली मापं तपासलेल्या माणसाला स्वतःच्या घरातलं हे माप अजून सापडलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी अख्खा महाराष्ट्र दीक्षित आणि दिवेकर अशा दोन गटांत वाटला गेला, तेव्हाचे काका बघायला हवे होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते, दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मधे तोंड चालवू नका. म्हणजे इन्शुलिन ऊठसूट पाझरणार नाही. ऋजुता दिवेकर सांगत होत्या, थोडं थोडं खा, आजीच्या हातचं खा, तूप खा. काका दीक्षितांकडे गेले, कारण तिथे घड्याळ होतं. सूनबाई दिवेकरांकडे. एकाच टेबलावर एका बाजूला स्टॉपवॉच, दुसऱ्या बाजूला तुपाची वाटी, आणि मधे मुलगा. तो बिचारा ऑफिसात वडापाव खाऊन यायचा.

त्याच सुमारास आमच्या एका नातेवाइकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. पंगत बसली, काकांनी कोशिंबिरीचं बोट चाखलं आणि घड्याळ लावलं. पण यजमानीणबाईंनी आग्रहाच्या घासाबरोबर उखाण्यांचा घाट घातला. पंच्याऐंशीच्या मावशींना नाव घ्यायला लावलं, त्यांना दुसरी ओळ आठवेना. काका अस्वस्थ. ‘अहो, सांगा कुणीतरी त्यांना पुढचं!’ मसालेभात आला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. श्रीखंडाची पुरी उचलली आणि मनगटावर टिर्रर्र वाजलं. काकांनी पुरी खाली ठेवली. वाढपी म्हणाला, ‘काका, पोट बिघडलंय का?’ त्या पुरीविषयी काका आजही बोलतात.

अंड्याचं दुःख याहून मोठं. कोलेस्टेरॉलच्या भीतीने काकांनी वर्षानुवर्षं पांढरं तेवढं खाल्लं आणि पिवळा बलक जिन्याखालच्या मांजराला घातला. २०१५ सालच्या अमेरिकन आहारसूचनांमधून रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा निघून गेली. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच तयार करतं. बहुतेकांच्या रक्तातल्या कोलेस्टेरॉलवर अंड्यापेक्षा ट्रान्स फॅटचा आणि संपृक्त चरबीचा परिणाम जास्त. हे वाचल्यावर काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मांजराकडे बघून म्हणाले, ‘खाल्लंस! माझ्या वाटणीचं सगळं खाल्लंस!’ मांजर तुकतुकीत होतं.

दुधीच्या रसाचं प्रकरण मात्र थोडक्यात निभावलं. एका सकाळी रस कडूजहर लागला. काकांचा बाणा असा की कडू तेच औषध. ग्लास तोंडाला लावणार तोच काकूंनी हिसकावला आणि रस मोरीत ओतला. बरं झालं. कडू दुधीत क्युकरबिटॅसिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि तो रस पिऊन आपल्या देशात माणसं गेलेली आहेत. काकूंनी यातलं काहीच वाचलं नव्हतं. त्यांच्या आईने सांगितलं होतं, दुधी चिरताना आधी चव बघ.

काकांची आहाराची डायरी मी वाचलेली आहे. म्हणजे ते वाचायला लावतात. ‘स. ११.०५: ज्वारीची भाकरी १ (६२ ग्रॅम), मेथी, कुळथाचं पिठलं.’ अक्षर मोत्यासारखं. दिवसभराची बेरीज इतकी कमी येते की काकांचं पोट पुढे कसं, हे कोडंच पडावं. उत्तर काकूंकडे आहे. ‘ते उभ्याने खाल्लेलं लिहीत नाहीत.’ जाता-येता मूठभर दाणे, दूध आटवलेल्या पातेल्यातली खरवड, लाडवाच्या डब्याच्या तळाचा चुरा, नातवाने टाकलेली अर्धी चकली. काकांच्या मते जेवण ते, ज्याला ताट असतं. बाकीचं ‘वाया जाऊ नये म्हणून’.

हसू नका. आहारशास्त्राची मोठी पंचाईत हीच आहे. माणसाला वीस वर्षं कोंडून अमुकच खायला घालता येत नाही, म्हणून बऱ्याचदा त्यालाच विचारावं लागतं, बाबा रे, काल काय खाल्लंस? विशिष्ट समस्थानिकं असलेलं पाणी पाजून शरीराने किती ऊर्जा वापरली हे मोजायची एक युक्ती आहे. ती लावून पाहिल्यावर पुन्हा पुन्हा एकच निघालं: माणसं सांगतात त्यापेक्षा जास्त खातात. आज कॉफी वाईट, उद्या चांगली, अशा बातम्या आल्या की आपण शास्त्रज्ञांना नावं ठेवतो. त्यांच्या वह्या मुळात अशाच बापूकाकांनी भरलेल्या असतात.

काकांच्या पाकिटात एक झेरॉक्स असते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे दिसायला बारीक असलेला आपला माणूसही आतून जाड असू शकतो, आणि मधुमेह त्याला लवकर गाठतो. काकांना हे फार भावलं. ‘वजन तेच, माल वेगळा! भेसळ रे, शुद्ध भेसळ!’ तेव्हापासून सोसायटीतला एकही सडपातळ माणूस सुखी नाही. लग्न ठरलेल्या काडीसारख्या मुलाला थांबवून काका सांगतात, ‘तू बारीक नाहीस. तुझं लपलेलं आहे.’

खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या पायाला मुंग्या यायच्या. शुद्ध शाकाहारी, दूध आवडत नाही, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन. सगळे म्हणाले, साखरेमुळेच. काकांनी मात्र पिच्छा पुरवला, ‘बाई, बी-ट्वेल्व्ह तपासा. ते भाजीपाल्यात नसतं आणि ही गोळी आहे तेही नीट शोषू देत नाही.’ शेवटी त्यांचा ससेमिरा टाळायला म्हणून बाईंनी रक्त दिलं. खरंच फार कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि हळूहळू मुंग्या गेल्या. बाईंनी काकांना पेढे पाठवले. काकांनी ते काट्यावर ठेवून वजन नोंदवलं आणि परत पाठवले. एक कमी होता.

गेल्या दिवाळीत काकांनी इच्छापत्र केलं. शेवटच्या पानावर स्वतःच्या तेराव्याचा बेत आहे: नाचणीचे लाडू, साखर वर्ज्य, वरई, तेल माणशी दोन चमचे, सगळ्यांनी ५५ मिनिटांत उठावं. त्यांनी तो काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. काकू कणीक मळत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘अहो, तेव्हा तुम्ही कुठे असणार बघायला? मी जिलबी करणारे. मठ्ठ्याबरोबर.’

काका जरा विचारात पडले.

‘साजूक तुपातली?’