सत्पात्री पिल्लूदान

काळ

व्हीनस फ्लायट्रॅपची पिल्लं आईपासून सोडवायची ती थंडीच्या शेवटी. झाड झोपेत असतं, जुनी पानं काळी पडलेली असतात आणि नव्या पालवीला अजून अवकाश असतो. पुण्यात हा मुहूर्त साधारण संक्रांत ते रथसप्तमी असा पडतो. नेमक्या याच दिवसांत घरोघरी हळदीकुंकू होतं आणि वाण लुटतात. मी याला योगायोग समजतो. आमच्या थोरल्या वहिनी समजत नाहीत.

"भावोजी, दरवर्षी त्याच प्लास्टिकच्या गाळण्या किती लुटायच्या? तुमच्या त्या माशीखाऊची पिल्लं द्या की या वर्षी!"

प्रस्तुत मार्गदर्शिकेचा जन्म या वाक्यातून झाला, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवावं.

साहित्य

प्लास्टिकची जराशी खोल कुंडी, पीट मॉस आणि परलाइट समसमान, आणि पाणी. शेणखत नको, गांडूळखत नको, लाल माती नको, "चिमूटभर युरिया" तर नकोच. हे झाड मूळचं अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या दलदलीतलं. तिथल्या जमिनीत पोषण जवळजवळ नाही, म्हणून तर ते माश्या धरायला शिकलं. त्याला खत घालणं म्हणजे त्याची मुळं जाळणं. हे मी वहिनींना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना विचारलं, "मग ताक?"

पाण्याच्या बाबतीत मात्र मी कडवा आहे. पाण्यात विरघळलेले क्षार, म्हणजे ज्याला सगळे टीडीएस म्हणतात ते, पन्नासच्या आत हवे. टँकरचं आणि बोअरचं पाणी यात बसत नाही. घरातल्या आरओ यंत्रावर विसंबू नये, कारण बरीच यंत्रं पाणी गाळून झाल्यावर चवीसाठी त्यात पुन्हा क्षार मिसळतात. पावसाचं पाणी उत्तम. ते पिंपात साठवावं आणि झाकण घट्ट लावावं, नाहीतर डासांच्या अळ्या शोधत पालिकेची माणसं येतात आणि गॅलरीत कीटकभक्षी झाडं असल्याचा युक्तिवाद त्यांच्यापुढे टिकत नाही.

अधिकारी

कुंडीत पिल्लं किती झाली हे पाहण्यासाठी जो रोज माती उकरत नाही, तोच.

विधी

वर्षाआड एकदा झाड कुंडीतून अलगद उपडं काढावं. पीटचा गोळा पावसाच्या पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवला की माती आपोआप सुटते. खाली जे उरतं ते पाहून नवखा घाबरतो, कारण मुळं काळी असतात. ती कुजलेली नसतात. फ्लायट्रॅपची मुळं काळीच असतात, टोकाशी तेवढी पांढरी. कात्रीला हात लावू नये.

वरच्या बाजूला पानांचे पांढरे, मांसल बुडखे एकावर एक बसून लसणीच्या गड्ड्यासारखा कंद झालेला दिसतो. त्यात दोन-तीन पाकळ्या वेगळ्या तोंडाच्या असतात, त्यांची पानं वेगळ्याच दिशेला फुटलेली असतात. तीच पिल्लं. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून बुडाशी हलकेच डोलवावं. पिल्लू तयार असेल तर बारीक टच् असा आवाज होऊन स्वतःच्या मुळांसकट सुटतं. आवाज येत नसेल तर ते अजून आईचंच आहे, पुन्हा लावून टाकावं. ओढाओढ करू नये. या गडबडीत बुडखा धरून एखादं पान निघालंच, तर तेही फेकू नये. पांढरा भाग ओल्या मॉसवर टेकवून ठेवला की काही आठवड्यांनी त्यातूनही पिटुकलं रोप फुटतं.

सांगायला हरकत नाही की हे काम वहिनी माझ्यापेक्षा चांगलं करतात. मी एक गुंता तासभर धरून बसलो होतो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, अंबाड्यातला आकडा काढला आणि मुळांची एकेक दोरी अशी सोडवली की एकही तुटली नाही. वर म्हणाल्या, "तुम्ही माणसं फार वाचता, त्यानं बोटं जड होतात." गजरे करणाऱ्या हातांपुढे वाद घालू नये.

इतर ज्ञातींविषयी थोडक्यात

सारासेनियाचा जाड आडवा कंद धारदार सुरीने कापावा. प्रत्येक तुकड्याला एक डोळा आणि थोडी मुळं हवीत. घटपर्णीला बुडातून फुटवा येतो, पण त्याची स्वतःची मुळं धरेपर्यंत थांबावं. आपल्याकडची घटपर्णी मेघालयातली. ती फार संरक्षित आहे, तेव्हा रोपवाटिकेतलीच घ्यावी. दक्षिण आफ्रिकेच्या केपमधल्या दवबिंदूला विभागणीची गरजच नाही. त्याच्या मुळाचा तुकडा मातीत राहिला तरी उगवतो, आणि बी तर शेजारच्या सगळ्या कुंड्यांत पेरून मोकळा होतो. माझ्याकडे तुळशीच्या कुंडीतही तो निघाला. वहिनींनी त्याला नमस्कार करून उपटला.

कास पठारावरचे दवबिंदू आणि सीतेची आसवं यांना मात्र हात लावायचा नाही. "एवढी आहेत, एक नेलं तर काय?" हा प्रश्न तिथे उभं राहून विचारणाऱ्या नातेवाइकाला गाडीत मागच्या सीटवर बसवावं.

दान

खरी कठीण गोष्ट ही. पिल्लू सोडवायला दहा मिनिटं लागतात. ते कोणाला द्यायचं हे ठरवण्यात माझा पूर्ण फेब्रुवारी जातो. अपात्र मंडळी अशी:

जो पिंजऱ्यात पेन्सिल घालून पाहतो तो. आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांत दोनदा स्पर्श झाला की पिंजरा मिटतो, आणि एक पिंजरा आयुष्यात मोजक्याच वेळा मिटू शकतो. लहान मुलांना माफ करता येतं. त्यांच्या वडिलांना नाही.

जो त्याला फरसाण देतो तो.

जी म्हणते, "आमच्याकडे संपूर्ण शाकाहार आहे, ते शिकेल हळूहळू."

जो वाढदिवसाला विचारतो आणि लग्नाच्या वाढदिवसालाही विचारतो, पण कुंडी कोणत्या दिशेच्या गॅलरीत ठेवणार, हे सांगत नाही. झाडाला थेट ऊन लागतं. टीव्हीशेजारी ते दोन महिन्यांत संपतं.

विल्मिंग्टनच्या आसपास, जिथे हे झाड रानात उगवतं, तिथे २०१४ पासून ते चोरून उपटणं हा गंभीर गुन्हा ठरला आहे. इतका सुज्ञ कायदा आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडावा असं मला फार वाटतं.

वहिनींनी यातला एकही निकष मान्य केला नाही. शिवाय पुतण्याने त्यांना वाचून दाखवलं की डार्विनने १८७५ च्या पुस्तकात दवबिंदूला मांसाचे तुकडे, अंड्याचा पांढरा भाग आणि दूधसुद्धा घालून पाहिलं होतं. तेव्हापासून माझं काही चालत नाही. "त्यांनी दूध घातलं ते चाललं, आणि मी ताक विचारलं तर हसता!"

मुहूर्ताचा पेच मात्र त्यांनीच सोडवला. जानेवारीत सोडवलेली पिल्लं म्हणजे कुंडीतलं काळं, मरगळलेलं काहीतरी. असलं वाण कोण घेईल? "मग चैत्रात देऊ," त्या म्हणाल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापर्यंत पिल्लांनी मुळं धरलेली असतात, नवे पिंजरे उघडलेले असतात. आंब्याची डाळ, पन्हं आणि एक माशीखाऊ. बागकामाच्या दृष्टीने यात चूक काढायला मला जागा सापडली नाही, आणि मी बरीच शोधली. तेवढ्या काळात पिल्लांना सुरुवातीचे दोन आठवडे कडक उन्हापासून जपावं, नंतर ऊन वाढवत न्यावं, खालच्या ताटलीत बोटभर पाणी कायम असावं. फुलाचा दांडा दिसला की खुडावा. लहान रोपाला तो खर्च परवडत नाही.

दानोत्तर जबाबदारी

डिसेंबरात फोन येऊ लागतात. "काका, झाड मेलं." मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. पाणी जरा कमी करा, थंड जागी ठेवा, फेकू नका, असं सांगावं. बहुतेकांचा यावर विश्वास बसत नाही. मग वहिनी परस्पर निरोप देतात की भावोजींकडे आणून ठेवा, त्यांना आवडतं. त्यामुळे थंडीभर माझ्या गॅलरीत दिलेल्या सगळ्या कुंड्या परत मुक्कामाला असतात, प्रत्येकीवर चिकटपट्टीने नाव लावलेलं. एका घरून भाड्यापोटी डिंकाचे लाडू येतात. त्यांची कुंडी मी उन्हाच्या बाजूला ठेवतो.