न मोजलेला पाऊस

पुण्यात पाऊस दोन प्रकारचा असतो. एक शिवाजीनगरला मोजलेला आणि दुसरा आपल्या घरात शिरलेला. या दोघांचं एकमेकांशी जमेलच असं नाही.

२५ जुलै २०२४ची सकाळ आठवा. आदल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि ताम्हिणी घाटात पाचशेच्याही वर. दोन्ही ठिकाणांत सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा अंतर नाही. मग मधल्या गावांत किती पडला? खडकवासला धरणाचं पाणी सुटून सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरल्यावर तिथल्या रहिवाशांनी हा प्रश्न कुणाला विचारला नाही. उत्तर जिन्यापर्यंत आलं होतं.

मधला आकडा काढण्याचं एक शास्त्र आहे. ते जन्मलं सोन्यापोटी. दक्षिण आफ्रिकेतले खाण अभियंते डॅनी क्रिग यांच्यापुढे १९५१ साली साधा सवाल होता: भोकं पाडली तिथलं सोनं कळलं, दोन भोकांच्या मधलं कसं कळणार? पुढे फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी त्याला पक्कं गणित दिलं आणि क्रिग यांच्याच नावावरून ‘क्रिगिंग’ म्हणायला सुरुवात केली. तत्त्व एवढंच, की जवळच्या जागा एकमेकींसारख्या असतात आणि लांब जावं तसं साम्य विरत जातं. ते किती लांबवर किती विरतं, हे आकड्यांनाच विचारायचं. सोन्याच्या जागी पाऊस घाला, हवेतली धूळ घाला, विहिरीतलं फ्लोराइड घाला, हिशेब तोच.

हा हिशेब करणारी सॉफ्टवेअर आज फुकट मिळतात, तीही आतली सगळी यंत्रणा उघडी ठेवून. ‘जीस्टॅट’ हे त्यातलं जुनंजाणतं. एड्झर पेबेस्मा यांनी नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या युट्रेख्टला ते लिहिलं आणि त्याची डागडुजी अजून चालू आहे. पायथन ही संगणकभाषा वापरणाऱ्यांसाठी ‘पायक्रिज’ आहे, लायप्झिगच्या संशोधकांचं ‘जीएसटूल्स’ आहे. इथे चूक सापडली की ती चारचौघांत दाखवतात आणि दुरुस्तही चारचौघांतच करतात. चूक दाखवणाऱ्याला ‘तुमचा काय संबंध’ असं कुणी विचारत नाही. पुण्यात ही पद्धत रुजायला वेळ लागेल.

या मंडळींची आणखी एक खोड आहे. नॉर्वेतले प्राध्यापक रॉजर बिव्हंड निवृत्त झाले आणि त्यांनी सांभाळलेली, नकाशाच्या कामाला लागणारी जुनी पॅकेजेस २०२३ साली बंद झाली. पण बरंच आधी बजावून. पर्यायी रस्ता तयार करून. त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना हाताला धरून पलीकडे नेऊन. फुकटात काम करणाऱ्यांना हे जमलं. आपल्याकडे कंत्राट देऊन खणलेल्या रस्त्याची बातमी आपल्याला खड्ड्यात उतरल्यावर कळते.

आता आपल्या घरचं. शिवाजीनगरचं हवामान खातं, म्हणजे जुन्या पुणेकरांचं सिमला ऑफिस, या बाबतीत मागे नाही. इथल्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली देशभरातल्या ६९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी घेऊन १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत बसवला. त्यासाठी वापरलेली रीत डोनाल्ड शेपर्ड या हार्वर्डच्या विद्यार्थ्याने १९६८ साली मांडलेली: जवळच्या मापकाला वजन जास्त, लांबच्याला कमी. काम मोठं आहे आणि जगभरचे अभ्यासक ते वापरतात. चौकोनांचे आकडे संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात. ते वाचणारी उघडी सॉफ्टवेअरही आहेत.

पण पाव अंश म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. पुण्यातून जाणारी चौकोनाची रेघ पुणे स्टेशनाजवळ पडते. म्हणजे पिरंगुट, खडकवासला आणि शिवाजीनगर एका चौकोनात, हडपसर आणि लोहगाव दुसऱ्यात. पिरंगुटला धो-धो आणि डेक्कनला नुसती भुरभुर असली तरी चौकोनाचा आकडा एकच. पूर्व पुणे-पश्चिम पुणे हा वाद मिटवायला सरकारी आधार हवा होता, तो मिळाला.

मग मूळ मापकांचे आकडे घेऊन आपणच बारीक नकाशा का काढू नये? जरूर काढा. सॉफ्टवेअर फुकट आहे. मापकांच्या मूळ नोंदींसाठी मात्र अर्ज करा, कारण लिहा, शुल्क भरा. अवघड गणित जगाने उघडं केलं आणि पत्र्याच्या नळकांड्यात किती पाणी साठलं, ते आपण कुलपात ठेवलं.

आता खरी गंमत. क्रिगिंग एका वेळी दोन नकाशे देतं. पहिला अंदाजाचा, तो रंगीत आणि देखणा. दुसरा त्या अंदाजात कुठे किती चूक असू शकते, त्याचा. मापकाजवळ खात्री जास्त, लांब गेलं की कमी. पहिला नकाशा अहवालाच्या मुखपृष्ठावर जातो. दुसरा कुठे जातो, ते विचारू नका. पत्ता विचारल्यावर ‘माहीत नाही’ असं म्हणणारा माणूस या शहरात विरळा. ठाऊक नसेल तरी डावीकडे वळायला सांगतील. तेव्हा ‘इथलं मला नक्की सांगता येत नाही’ असं कबूल करणारा नकाशा आपल्याला कसा मानवणार?

हा प्रकार पुण्यापुरता असता तर हसून सोडून दिला असता. पण राज्यात नुकसानभरपाईच्या हिशेबात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी, आणि ती मोजायची महसूल मंडळनिहाय. ‘महावेध’ प्रकल्पात मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली, हे चांगलंच झालं. तरी एका मंडळात गावं कितीतरी आणि त्यांच्या वतीने बोलणारा मापक बहुधा एकच. मापकात ६४ भरले आणि चार कोस पलीकडे बांध वाहून गेला, तर कागदावर त्या बांधाने उगाच घाई केली. इथे दुसरा नकाशा छापला असता, तर ‘या गावाबद्दल आम्हाला खात्री नाही, जाऊन बघा’ असं तरी त्यावर दिसलं असतं.

सॉफ्टवेअर सुधारत राहील. ती माणसं थांबणारी नाहीत. पण कितीही सुधारलं तरी न मोजलेला पाऊस ते मोजू शकत नाही. सह्याद्रीची उंची हिशेबात घ्यायची सोय त्यात आहे. घाटात बसवलेला मापक त्यात नाही. तो आपल्यालाच विकत घ्यायचा आहे, बसवायचा आहे आणि त्यातला पालापाचोळा वेळच्या वेळी काढायचा आहे.

तेव्हा मागण्या दोनच. सरकारी खर्चाने बसवलेल्या प्रत्येक मापकाची रोजची नोंद विनाअर्ज, विनाशुल्क उघडी करा. आणि पावसाचा, धुळीचा किंवा भूजलाचा रंगीत नकाशा छापाल तिथे शेजारी त्यात कुठे किती चूक असू शकते, त्याचा नकाशाही छापा. तो छापायला जास्तीचं सॉफ्टवेअर लागत नाही. लाज सोडावी लागते.