चान्स किती?

नागभीडात कोणत्याही ॲडमिशनचा चान्स काढून मिळतो. फी एक चहा, फार तर सोबत खर्रा. पोरगं पोलीस भरतीत निघेल का, पोरीचा नर्सिंगला नंबर लागेल का, सगळं बसस्टँडवर उभ्या उभ्या निकालात निघतं. त्यामुळे माझ्या भाचीनं एम.एस्सी.चा अर्ज भरायचं ठरवलं तेव्हा तज्ज्ञांची काही वानवा पडली नाही.

अडचण कोर्सची होती. स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी. "पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवी ना जी? मंग इतकं शिकाची काय गरज? इथंच लॅब टाक म्हणा." मी समजावून सांगितलं, की बाबा, कोणी बोलताना अडखळतं, कोणाचे लकव्यानं शब्द हरवतात, कोणाला घास गिळता येत नाही, त्यांना हे लोक बरं करतात. "म्हणजे बोलाले शिकवणार? नागभीडात?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडं पावसाची टंचाई होते, बोलण्याची झालेली कोणाच्या ऐकिवात नाही. उलट दिवाळी झाली की या पट्ट्यात झाडीपट्टीची नाटकं लागतात. वडशाच्या कंपन्यांचे नट रात्र-रात्र गातात, ओरडतात, रडतात आणि घसा बसला की ज्येष्ठमध चघळून दुसऱ्या गावी परत उभे राहतात. त्यांचा आवाज हाही याच शास्त्राचा विषय, असं भाचीचं म्हणणं. ज्येष्ठमध विकणाऱ्याला ते फारसं पटलं नाही.

मतांमध्ये सर्वांत वजनदार मत झेरॉक्सवाल्याचं. गावातली प्रत्येक मार्कलिस्ट त्याच्या काचेवर पालथी पडते, आणि पालथी पडण्याआधी तो ती उताणी वाचतो. अंगठ्यानं टक्केवारीवरची धूळ पुसल्यासारखं करतो, मग भुवई वर किंवा खाली. भाचीचे तीन वर्षांचे कागद पाहून म्हणाला, "चौथ्या वर्षाचे मार्क?" चौथं वर्ष इंटर्नशिपचं असतं, त्याचे गुण नाहीत, हे ऐकल्यावर त्यानं निकाल दिला: "मंग फिफ्टी-फिफ्टी." त्याच्याकडं सगळेच चान्स फिफ्टी-फिफ्टी असतात. एकतर लागतो, नाहीतर नाही लागत. रेल्वेतून रिटायर झालेले एक काका मात्र सावध. नागपूरची नॅरोगेज 2019 साली ब्रॉडगेज करायला म्हणून बंद झाली, तेव्हापासून ते कशालाच 'कन्फर्म' म्हणत नाहीत. त्यांनी भाचीला वेटिंगवर टाकलं.

न्यू जर्सीचा माझा मावसभाऊ व्हिडिओ कॉलवर आला. त्याची मुलगी तिकडं याच वाटेला लागली आहे. आपल्याकडं चार वर्षांची बी.ए.एस.एल.पी. झाली की भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी करून काम सुरू करता येतं, एम.एस्सी. ही पुढची पायरी. अमेरिकेत मास्टर्सशिवाय या धंद्यात उभंच करत नाहीत. आधी जीपीए, शिफारसपत्रं, 'मला हेच का करायचं आहे' यावर निबंध. आणि प्रमाणपत्रासाठी क्लिनिकचे 400 तास, त्यातले 25 नुसते बघण्याचे. हे ऐकून बसस्टँडवरच्या मंडळींना आपणही पात्र असल्याचा साक्षात्कार झाला. निबंधाकडं मात्र कोणाचं लक्ष गेलं नाही. भाचीला हेच का करायचं आहे, हे गावात अजून कोणी विचारलं नव्हतं.

मला विचाराल तर तिचा चान्स मी झेरॉक्सच्या दुकानातच पाहिला. तिथं एक पोरगा आला. काउंटरला हात टेकून "ख... ख..." म्हणत अडला. लगेच चार दिशांनी मदत धावली. "खर्रा?" "खोडरबर?" "खिळे का बे?" तो प्रत्येक शब्दाला मान हलवत आणखी अडकत गेला. भाचीनं हातातले कागद खाली ठेवले आणि त्याच्याकडं पाहत थांबली. ओठ हलवले नाहीत, घाई केली नाही, 'सावकाश बोल' असंही म्हणाली नाही. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "खाकी पाकीट." ते कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

आता याला प्रवेश परीक्षेत किती मार्क? तिथं चार पर्यायांतून एक निवडायचा, तोही घड्याळ लावून. थांबणाराचा पेपर राहून जातो. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे तिसरी शिकलेले. 1983 साली पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या पेरल्या, हंगामामागून हंगाम पाहत राहिले, आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला, त्या काळच्या घड्याळाचं नाव लावून. निवड समितीवर मी असाच माणूस बसवला असता. पण ते असो. मला बसवायला कोण विचारतंय?

आजीचा विश्वास या कोर्सवर पहिल्यापासून कमी. भाचीनं पहिल्या सुट्टीत तिला चित्रं दाखवून नावं विचारली होती. आजीनं डोळ्याला 'डोरा' म्हटलं, पाण्याला 'पानी'. मी विचारलं, हिला किती दिवस उपचार? भाची म्हणाली, "मामा, झाडीबोलीत ळ आणि ण नसतातच. तो दोष नाही, बोली आहे. दोन्ही वेगळं ओळखता येणं हेच तर शिकायचं असतं." आजी म्हणाली, "मी तं चांगलीच हावो."

शेवटी अर्जाची यादी ठरली. मुंबईला नायर आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था. महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांचं नाव लावून ती 1983 साली सुरू झाली. आणि मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, सगळ्यांत मोठं नाव. आजीनं मैसूरवर बोट ठेवलं.

"तिथं कोनती भाषा बोलतेत?"

"कानडी, आजी. पेशंटशी बोलायला आधी मला ती शिकावी लागेल."

आजीनं सुपारी फोडता फोडता हिशेब केला. "म्हनजे बोलाले तूच शिकशीन, अन् फी बी तूच भरशीन?"