खाऱ्या वाऱ्याचं बिल

अनामत आणि गणपती सारखेच: जाताना वाजतगाजत, शेवटी पाण्यात. अलिबागचं भाड्याचं घर सोडताना हे कळलं.

मालक आले ते भिंतीवरून बोट फिरवतच. ओल आहे, कापा दोन हजार. खिडकीचे गज गंजले, कापा तीन हजार. समुद्र दोनशे पावलांवर, पण गंज चढवला मी! घर दाखवताना हाच खारा वारा ‘सी-फेसिंग’ म्हणून भाड्यात धरला होता. कौलं फुटली 3 जून 2020च्या निसर्ग वादळात, मी राहायला आलो 2022 साली. तरी कौलं यादीत आहेतच.

केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असं म्हटलंय. आदर्शच तो, फ्रेम करून भिंतीवर लावावा. भिंतीला ओल आहे म्हणा.

मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999चं कलम 55 वाचून दाखवलं: करार लेखी हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, नोंदवला नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं. आमचा करार मालकांच्या कपाटातच होता.

कौलं तेवढी खोडली गेली.